उलटं करता येतं का?

“तू फक्त ‘हो’ दाबत जा,” धाकटा भाऊ म्हणाला. मोबाइल त्यानं ताईच्या हातात कोंबला आणि स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. मुतखड्यानं पहाटेपासून त्याला गडाबडा लोळवलं होतं.

ताई कपडे शिवायची. कॉम्प्युटरला तिनं आजवर हात लावला होता तो फक्त धूळ झटकायला.

भावाचं काम मात्र आजच पुरं व्हायला हवं होतं. अंध वाचकांच्या ग्रंथालयाची नऊ हजार बोलकी पुस्तकं, लोकांनी पंचवीस वर्षं स्वतःच्या आवाजात वाचून ठेवलेली, जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायची होती. जुना सर्व्हर दुपारी एकला कायमचा बंद होणार होता. दोन्ही यंत्रं कुठल्या कुठे, दूरच्या गावांत. त्यांना हुकूम सोडायला भावानं एआय एजंट बसवला होता आणि पहाटेच त्याला कामांची यादी लिहून दिली होती. नियम एकच. प्रत्येक हुकमाआधी एजंटनं माणसाचा होकार घ्यायचा. आणि माणूस आता भूल घेऊन आडवा झाला होता.

मोबाइल वाजला. “जुन्या सर्व्हरवरची पुस्तकं मोजू का?”

ताईनं ‘हो’ दाबलं नाही. फार वर्षांपूर्वी तिनं एका गिऱ्हाइकाचा कोट घाईत कापला होता. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. एका बोटानं तिनं लिहिलं, “हे उलटं करता येतं का?”

“फक्त मोजायचं आहे. काहीच बदलणार नाही.”

हो.

“पुस्तकांची नक्कल नव्या सर्व्हरवर करू का? मूळ प्रती जागेवरच राहतील. नको वाटलं तर नक्कल काढता येईल.”

हो.

असे अकरा हुकूम झाले. प्रत्येक वेळी तिचा तोच प्रश्न आणि त्याचं सरळ उत्तर. ताईला तो आवडायला लागला. विचारलं तेवढं सांगायचा आणि वर टोमणा मारायचा नाही. घरातल्या एकाही पुरुषाला हे जमलं नव्हतं.

शेजारी त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई येऊन बसल्या होत्या. पुस्तकं जपण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. दर दोन मिनिटांनी त्या घड्याळ बघत होत्या. सगळी पुस्तकं नव्या सर्व्हरवर पोचल्याचं एजंटनं कळवलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

बारा चाळीसला शेवटचा प्रश्न आला. “सर्व्हर क्रमांक सत्तेचाळीस पूर्ण पुसू का?”

“उलटं करता येतं का?”

“नाही. म्हणूनच पुन्हा विचारतो आहे.”

“अहो, जुना सर्व्हर रिकामा करूनच परत द्यायचा असतो,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “नाहीतर वरचे मला फाडून खातील. तुमच्या भावानंच लिहून दिलंय ना? ते तज्ज्ञ आहेत. दाबा तुम्ही.”

“तज्ज्ञ शुद्धीवर आला की तोच दाबेल.”

“एक वाजेल हो!”

“वाजू द्या. सामान नव्या घरी पोचलंय ना? जुनं घर झाडायचं राहिलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही.” आणि तिनं ठामपणे ‘नाही’ दाबलं.

“ठीक आहे. थांबतो,” एजंटनं लिहिलं.

एक वाजला. जुना सर्व्हर बंद झाला. ग्रंथपालबाईंनी ताईशी बोलणं सोडलं.

अडीचला भावाला खोलीत आणलं. गुंगी उतरल्यावर त्यानं आधी मोबाइल मागितला. वाचता वाचता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई, सत्तेचाळीस म्हणजे जुना नव्हे. नवा.”

एक वाजल्यापासून ती नऊ हजार पुस्तकं जगात फक्त तिथेच होती. ग्रंथपालबाईंना आधी रडू आलं आणि मग संताप. “अशा यंत्राच्या हाती तुम्ही किल्ल्या देता? सांगितलं की पुसायला निघालं! जरा म्हणून शंका येऊ नये?”

ताईला वाईट वाटलं. सकाळभर तिनं ज्याचं मनात कौतुक केलं, तोही शेवटी तसलाच निघाला.

भावानं पडद्यावरचा मजकूर पहाटेपर्यंत मागे नेला आणि मोबाइल दोघींपुढे धरला. “यादीत पुसायला सत्तेचाळीस लिहिला आहे, पण तो नवा सर्व्हर आहे. नक्की?” असं एजंटनं तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा खाली भावाचं उत्तर होतं, “हो.”