अजबखान्यातलं जातं

कादंबरीकार कल्याणरावांना माणसं बाजारात भेटत आणि वस्तू परभणीच्या वस्तुसंग्रहालयात. लोक त्याला अजबखाना म्हणत. येलदरीच्या धरणात बुडायच्या गावांतून आणलेलं एक जातं तिथं कोपऱ्यात मांडलं होतं. त्यावरून त्यांना नवी कादंबरी सुचली. ऐन हळदीच्या दिवशी, माखलेल्या अंगानं नदीत बुडालेली नवरी!

जात्याला खुंटा नव्हता. तरी भोवती पीठ सांडलेलं असे.

"रोज झाडायलेय, साहेब," तिथली झाडणारी पारूबाई म्हणे. "कुठून पडायलंय, देव जाणे."

कल्याणराव हसत आणि तेही कादंबरीत घालत. लेखकाला काय, फुकटचं सगळंच गोड!

रविवारी सकाळी त्यांनी नवरीला हळद लावायचा प्रसंग लिहून संपवला आणि दुपारी अजबखाना गाठला. पारूबाई झाडू धरून नुसतीच उभी होती. आज फरशीवर पीठ नव्हतं. नुकती दळलेली, पिवळीधमक हळद होती.

"साहेब, तुमच्यात लग्न हाय काय कुणाचं?"

"नाही," कल्याणराव म्हणाले. त्यांच्या लेकीचं, महादेवीचं, अजून कुठं ठरलंही नव्हतं. त्यांनी जात्यावर हात ठेवला. दगड गरम होता.

ते तडक घरी आले. महादेवी उंबऱ्यात उभी होती. कपाळापासून पावलांपर्यंत पिवळी.

"अप्पा, मी झोपले होते," ती म्हणाली. "कुणी लावली ओ ही हळद?"

बुडायचा प्रसंग कल्याणरावांनी अजून लिहिलाच नव्हता. महादेवीच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.