खदानीतला गेरू

"पंप बंद कर," सरपंच खुशालराव म्हणाले. "हे पानी नाल्यात गेलं तं खालची संत्र्याची झाडं जळतीन."

ते खोटं बोलत नव्हते. तिवशाजवळच्या त्या छोट्या, बंद पडलेल्या कोळसा खदानीतलं पाणी तांबूस आणि आंबट होतं. हात घातला तरी चरचरायचं. मंजुषानं पंप बंद केला.

"साफ करून सोडलं तं चालते?"

"कर ना. कोन अडवते तुले?"

खुशालराव हसत गेले. दुसऱ्या दिवशी मंजुषा पाण्याचा कॅन घेऊन एस.टी.त बसली आणि अमरावतीच्या कॉलेजात पाण्यावर काम करणाऱ्या अमोलसमोर उभी राहिली.

अमोलनं त्या पाण्यात चुना कालवला. आंबटपणा गेला. तळाशी लोखंडाचा गाळ बसला.

"ताई, हा वाळवला की गेरू. विकला जाईल."

मंजुषानं खदानीच्या काठावर हौद बांधले. चुन्यानं बोटं फुटली, तरी ढवळणं थांबलं नाही. सासू मनकर्णाबाई वाळलेला गेरू चाळायची. अमरावतीच्या राजापेठेतला रंगवाला तो घ्यायचा. त्यातूनच चुन्याचा आणि डिझेलचा खर्च निघायचा. पावसात हौद वाहून गेले, खदान पुन्हा काठोकाठ भरली. दिवाळी झाल्यावर दोघींनी हौद नव्यानं बांधले, या वेळी दगडाचे.

उन्हाळ्यात नाल्यातून नितळ पाणी वाहू लागलं. खुशालरावांनी ते आपल्या वांग्यांना दिलं आणि मुद्दाम सांगायला आले.

"जितलीस पोरी. गावाचं भलं केलं तू."

मंजुषानं दुसरा पंप लावला.

"एवढी घाई कशाला?" अमोलनं विचारलं. "पाणीच संपलं तर गेरू कुठून काढाल?"

"पावसाच्या आंदी तळ लागला पायजे."

"पण का?"

"लागू द्या, सर."

मे संपता संपता तळ लागला. गाळात एक गंजलेली मोटरसायकल रुतली होती. तिच्याखाली माणसाची हाडं होती. हँडलला अडकलेलं लाल हेल्मेट मनकर्णाबाईनं ओळखलं आणि ती गाळात उतरायला निघाली. मंजुषानं तिला धरलं.

तोवर गाव जमलं होतं. खुशालराव पुढे आले, त्यांनी खाली पाहिलं.

"आता सांगा साऱ्याइले, काका," मंजुषा म्हणाली. "माहा नवरा बाई घेऊन सुरतले पळाला नोता."