दोन क्षणांचा उशीर

माझ्या बायकोची मातृभाषा वेगळी. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी मराठी बोलताना ती जरा थांबते. काल जेवताना आत्याच्या विनोदावर सगळे हसून मोकळे झाले आणि ही नंतर हसली, तेव्हा मीच म्हणालो, "हिची ट्यूब जरा उशिरा पेटते." पुन्हा हशा.

आज सकाळी साहेबांचा फोन आला. ऑफिसातला जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर फारच रखडतोय, म्हणून ते वैतागले होते.

"साहेब, त्याला नावं ठेवू नका. तो जुन्या प्रोसेसरच्या भाषेतला आहे आणि नव्या प्रोसेसरला ती भाषाच कळत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये एकेका सूचनेचं आधी भाषांतर होतं, मग काम. परक्या घरात तो एवढं निभावतोय, हेच खूप आहे. जरा दमानं घ्या."

फोन ठेवून वळलो. माझा इस्त्रीचा शर्ट घेऊन बायको दारात उभी होती, केव्हापासून कोण जाणे. मला तिच्या नजरेला नजर देववेना.

ती नेहमीसारखी थांबली, शब्द जुळवले आणि म्हणाली,



"त्याची बाजू... किती छान मांडलीस."