ऑर्किडचं पील

विळा धुऊन खुंटीला अडकवला आणि मग मनकर्णाबाईंनी सुनेला हाक मारली. "चारू, तुझ्या झाडाचं पील कापलं व माय म्या. आता बघ कसा जोर धरतं."

चारुलता आत बॅग भरत होती. हातातली साडी तशीच टाकून ती ओट्यावर आली.

ओट्याच्या वाशाला आंब्याच्या लाकडाचा तुकडा टांगला होता. त्यावर ते छोटं ऑर्किड. चार-पाच जाड पानं, हवेत लोंबणारी रुपेरी मुळं. फुलायचं तेव्हा करंगळीच्या नखाएवढी जांभळट फुलं यायची. चारुलताच्या नवऱ्यानं, ललितनं हौसेनं आणलं होतं. तो गेल्यावर चारुलतानं ते जगवलं. दिवाळीनंतर फुलाच्या जुन्या दांडीवर एक पील, म्हणजे कोवळं नवं रोप, फुटलं होतं. आता दांडीचं नुसतं थोटूक उरलं होतं.

"कुठं टाकलंत?"

"उकिरड्यावर. का गं?"

चारुलता धावत गेली आणि पील ओंजळीत घेऊन आली. दोन इवली पानं, खाली तांदळाच्या कणीएवढं मूळ.

मनकर्णाबाईंना काही उमगेना. बहादरपुरात मोटेचं पाणी होतं तेव्हापासून त्या केळीची पिलं कापत आल्या होत्या. "पील ठेवलं की मायझाडाचा घड बारीक पडतो. ललितच्या हातचं आहे, टिकावं म्हणून कापलं म्या."

"मोठं तुमच्यापाशीच ठेवणार होते, आई. पिलाला दोन बोटं मुळं आली की रितेशला पाठवून ते मागवणार होते. नव्या झाडाला कोण विचारतंय, कुणी आणलं म्हणून."

दोन दिवसांनी जळगावला तिचं दुसरं लग्न होतं. स्थळ मनकर्णाबाईंनीच शोधलं होतं.

न्यायला आलेला तिचा भाऊ रितेश फाटकातून ओरडला, "ताई, चल ना जल्दी! एक झाड के लिए कितना टाइम?"

"थांब रे बाबा, तुझी गाडी काही पॅसेंजर नाही सुटून जायला," मनकर्णाबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि मोठं झाड लाकडासकट वाशावरून सोडवलं. ते चारुलतापुढे धरलं.

"हे ने. पील मी जगवते."

"आई, ते लोक विचारतील."

"विचारू दे. सांग, सासूनं दिलं. नवरा मेला म्हणून सासू मरते काय?"

रितेश जवळ आला होता. झाड दोन्ही हातांनी घेऊन तो गाडीकडे गेला.

चारुलता खाली बसली. नारळाच्या शेंडीचा भिजवलेला काथ्या तिनं पिलाच्या बुडाशी लावला आणि लाकडाच्या एका ढलपीवर सुती दोऱ्यानं बांधू लागली.

"फार आवळायचं नाही. माती नको, शेणखत तर नकोच."

"शेणखत नको? मग खातं काय ते?"

"हवा खातं म्हणायचं. रोज सकाळी पाणी फवारायचं. पानांच्या मधल्या बेचक्यात थेंब राहिला तर फडक्यानं टिपायचा, नाहीतर गाभा सडतो. कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही."

"म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतलं पोर."

चारुलता हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मूळ फार लहान आहे, आई. नाही जगलं तर..."

"नाही जगलं तर तसं सांगेन. लपवणार नाही."

गाठ मारून तिनं ढलपी सासूच्या हातात दिली. मनकर्णाबाईंनी दोन बोटांनी पिलाचं पान सावरलं.

"आणि ऊन वाढलं ना, की पाणी एकदा देऊन भागत नाही. तेव्हा ओलं गोणपाट..."

"ते आत्ता नको सांगू."

"विसराल तुम्ही."

"विसरेनच. वैशाखात आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तेव्हा येऊन सांग."