बोट अडकली

"आई, बोट अडकली!"

अलका धापा टाकत आली तेव्हा शालन बाभळीखाली बसून कोयत्याने नारळ सोलत होती. तिने मान वर केली. खाली तलावाच्या दगडी उतारावर नवीकोरी पांढरी मोटरबोट खरंच अर्ध्यात थांबली होती.

"दिसतंय मला. अडकू दे. बाबा बघतील. तू जा, बापूला सांभाळ."

दुष्काळाचं तिसरं वर्ष. ब्याऐंशीच्या एशियाडला जिथे शर्यतीच्या नावा धावल्या, त्या जयपूरजवळच्या रामगढ तलावाचं पाणी आता काठ सोडून खाली गेलं होतं. त्यातही आज सकाळी बोट सुटली, फेस उडवत दोन फेऱ्या मारून आली. तिच्या नवऱ्याने, उमाकांतने, स्वतःच्या हाताने घडवलेली बोट. तो ज्या शेठजींकडे कामाला होता, त्यांचा कारखाना तोवर कूलरच्या फायबरच्या टाक्या करायचा. 'बोटी करू, शेठजी' हा ध्यास देवगडच्या या माणसाचा. बोट पाहायला आलेले हॉटेलवाले मालक खूश होते. पाहुण्यांना फिरवायला, गळ टाकून मासे धरायला, पोराबाळांना पाण्यावर न्यायला अशा चार बोटी घेऊ म्हणाले. फक्त एकदा बोटीचा तळ बघू द्या. तळ पसंत पडला तर कारखाना राहणार, नाहीतर या महिन्यात कुलूप. म्हणून बोट वर ओढणं चाललं होतं.

नारळ पाहून शेठजी सकाळी हसले होते. "भाभीजी, बोट पेट्रोल से चलती है, नारियल से नहीं!"

"नारळ समुद्रासाठी असतो, शेठजी. तुमच्याकडे समुद्र नाही, मग तलावाला तरी देते," शालन म्हणाली होती आणि उमाकांत कधी नव्हे तो सगळ्यांदेखत हसला होता.

अलका गेली नव्हती. तिचे ओठ नुसते हलत होते.

"अगं, जा ना!"

"ती नाही! बापूची! बापूची बोट!"

शालनच्या हातातला नारळ घरंगळला.

जयपुरात जन्मलेली पोर. तिच्या मराठीत जे ते एक तर 'तो' नाहीतर 'ती'. पाणी आला, दूध सांडला, बोट दुखली. शालन हसून रोज दुरुस्त करायची. आज मात्र तिने बोटीकडे पाहिलं होतं.

ती धावली. चाळीस पावलांवर खेजडीचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला कप्पी बांधली होती. बोटीचा दोर त्या कप्पीवरून वळून वरच्या जीपला गेला होता. झाडामागे बापू उभा होता, दोन वर्षांचा. तोंड उघडं, डोळे पांढरे. जीपच्या घरघरीत त्याचं रडणं बुडून गेलं होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट दोर आणि कप्पीचं चाक यांच्यामध्ये, दुसऱ्या पेरापर्यंत आत.

जीपची चाकं वाळूत रुतली होती म्हणून ओढणं थांबलं होतं. दोघे चाकांखाली दगड सारत होते. दगड बसले की जीप पुन्हा निघणार.

"रोको! रोको भैया!"

ड्रायव्हरने हात वर केला. त्याला वाटलं, भाभीजी हुरूप देताहेत. त्याने गिअर टाकला.

शालनने दोर हाताने दाबून पाहिला. लोखंडाच्या कांबीसारखा ताठ. कोयता तिच्या हातात तसाच होता. दोर तोडला तर बोट उतारावरून सुटणार, खाली दगड. आणि बोटीच्या मागे, खांदा लावून, उमाकांत.

"अहो! अहो, बाजूला व्हा!"

वारा उलटा. आठ-दहा माणसं खाली, त्यातला 'अहो' कोण ते कुणाला कळणार. इंजिनाचा आवाज चढला. दोर करकरला. बापूची मान मागे पडली.

लग्नातल्या उखाण्यानंतर आठ वर्षांत जे नाव तिने एकदाही ओठांवर आणलं नव्हतं, ते ती छाती फुटेस्तोवर ओरडली.

"उमाकांत!"

कुणी थोबाडीत द्यावी तसा तो वळला. काय झालं ते न कळून बोटीमागून बाहेर निघाला, तिच्याकडे दोन पावलं आला.

शालनने कोयता उचलला. एक घाव. दुसरा.

मागे कवठ फुटावं तसा आवाज झाला, पण खूप मोठा. तिने वळून पाहिलं नाही. सैल दोरातून तिने बोट सोडवलं आणि न बघता मुठीत धरलं, घट्ट.

"ये क्या कर दिया, भाभीजी! पूरी बोट..." शेठजींचा आवाज खालून येत होता. हॉटेलवाले मालक आपल्या गाडीकडे चालू लागले होते.

उमाकांत गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला आला. तुटका दोर पाहिला, कप्पी पाहिली, तिची मूठ पाहिली. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं.

"उघड."

"नाही."

"शालन, मला बघू दे."

"नका हो. मी नाही उघडणार."

"मी सांगितला होता, आई," अलका हुंदके देत म्हणाली. "मी सांगितला होता ना."

खाली बोटीत पाणी शिरत होतं, माणसं एकमेकांवर ओरडत होती. उमाकांत त्या बाजूला पाठ करून तसाच मातीत बसला. बापूचं रडणं एकाएकी थांबलं. त्याच्या तोंडाकडे पाहायचाही शालनला धीर होईना.

मग मुठीच्या आत, अगदी हलकं, बाहेर यायला धडपडल्यासारखं, काहीतरी वळवळलं.