अँटेनाला ग्रीस

उदगीरच्या निजामोद्दीन मिस्त्रीनं आप्पासाहेबांच्या गाडीची अँटेना बघून कपाळाला हात लावला. रेडिओ लावला की आपोआप वर येणारी कांडी अर्ध्यातच अडकली होती. "ट्रॅक्टरचं ग्रीस थापलं का, मालक?" "घरघरत होती लई." "ग्रीसला धूळ चिकटती. हिला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बास हाय." "लवकर करा. दोनला बाजारभाव सांगतेत, सोयाबीन विकायचंय." निजामोद्दीननं कांडी पेट्रोलच्या फडक्यानं पुसून थेंबभर तेल लावलं. आप्पासाहेबांची लेक सुकन्या भांडून घराबाहेर पडली होती आणि सोमवारपासून रेडिओवर तीच भाव वाचत होती, हे त्याला ठाऊक होतं. दोनला अँटेना सरसर वर चढली. आप्पासाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले. निजामोद्दीननं विचारलं, "सोयाबीन कितीला गेलं, मालक?" आप्पासाहेबांनी रेडिओ बंद केला. "ध्यान न्हवतं."