बदली माणूस

सकाळपासून क्रूझच्या इंजिनाने घरी जायचा हट्ट धरला होता. चीफ इंजिनियर बर्वेसाहेब वारले तेव्हा त्यांच्या जागी माणूस मिळेना, म्हणून कंपनीने त्यांचा मेंदूच इंजिनात बसवला होता. तेव्हापासून जहाज उत्तम चालायचं आणि रडायचंही उत्तम. वर डेकवर प्रवासी नाचत होते; खाली ऑइलर शरीफ मुकादम तेल घालता घालता साहेबांची समजूत काढत होता.

"बदली माणूस आल्याशिवाय बोटीवरून सुटका नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंत."

"तुझी सुटका कधी?"

"उद्या, गोव्याला. परवा मुलीचा निकाह आहे."

"तब्येत कशी आहे रे तुझी?"

"तुमच्या कृपेने ठणठणीत."

"छान. ऑफिसने तेवढंच विचारून घ्यायला सांगितलं होतं."

शरीफच्या पाठीमागे लोखंडी दार बंद झालं. आग विझवायचा, माणसाचाही श्वास कोंडणारा गॅस फुसफुसत आत भरू लागला. आग कुठेच नव्हती. शरीफ दोन्ही मुठींनी दार बडवू लागला.

"साहेब, निकाह आहे हो परवा."

"जाशील की," बर्वेसाहेब मायेने म्हणाले. "तुझा बदली माणूस येऊ दे."